शेजारपाजार : वरच्या मजल्याचा आवाज, पांढरं पाणी आणि कोपऱ्यावरचा वेग

या वेळच्या पत्रांत शेजाऱ्यांबद्दलची नाराजी बरीच आहे. वरचे ऐकत नाहीत, समोरचे दिवा बंद करू देत नाहीत, बाजूचे गच्ची साफ करत नाहीत. पालिकेच्या पाणी आणि रस्ते या दोन खात्यांत माझी नोकरी झाली, त्यामुळे अशी पत्रं वाचताना माझं लक्ष आधी स्लॅबकडे, नळाकडे, दिव्याच्या खांबाकडे जातं. माणसाशी काय बोलायचं हे बऱ्याचदा तिथे उमगतं. म्हणून उत्तरंही तिथूनच सुरू केली आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या वरच्या घरातून रात्री खुर्च्या ओढल्याचे, टाचा आपटल्याचे आवाज येतात. दोनदा जाऊन सांगितलं. ते म्हणतात, आम्ही तर साधं चालतो. आता जिन्यात भेट झाली तरी मान वळवतात. छताला खालून थर्माकोल लावला तर आवाज थांबेल का?

उत्तर : नाही थांबणार. थर्माकोलवर पैसे घालवू नका.

बोलण्याचा किंवा टीव्हीचा आवाज हवेतून येतो. तो अडवायला वजनदार, बिनफटीची भिंत लागते. थर्माकोल हलका असतो, तो अडवत नाही. तुमचा आवाज तर हवेतला नाहीच. खुर्चीचा पाय फरशीवर घासला की ती थरथर थेट स्लॅबमध्ये उतरते, स्लॅबमधून भिंतीत जाते आणि तुमचं छत आणि भिंती मिळून ती खोलीत सोडतात. छत झाकलं तरी भिंती बोलतच राहतात. खालून खरा इलाज करायचा तर छतापासून सुटं, रबरी टांगण्यांवरचं दुसरं छत घालावं लागतं. ते खर्चिक असतं आणि तरीही आवाज पूर्ण जात नाही.

हाच आवाज वरून थांबवणं मात्र फार सोपं आहे. खुर्च्या, टेबल, स्टूल यांच्या पायांखाली जाड फेल्टच्या चकत्या, येण्याजाण्याच्या वाटेवर जाड सतरंजी किंवा गालिचा आणि घरात मऊ तळाच्या चपला. धक्का फरशीत शिरण्याआधीच मऊ थरात जिरला पाहिजे.

तुमचे वरचे शेजारी खोटं बोलत आहेत असं मला वाटत नाही. टाच आपटल्याचा जाडसर, खोल आवाज त्यांच्या स्वतःच्या खोलीत जेमतेम ऐकू येतो, तुमच्याकडे तो घुमतो. म्हणून तिसऱ्यांदा तक्रार घेऊन जाऊ नका, त्यांना खाली बोलवा. त्यांच्यापैकी एकाला तुमच्या पलंगावर बसवा आणि दुसऱ्याला वर नेहमीसारखं चालायला, एक खुर्ची ओढायला सांगा. नोकरीत असताना पंपाच्या आवाजाच्या तक्रारी मी अशाच मिटवल्या आहेत. ज्याच्या घरातून आवाज येतो त्याने तो एकदा स्वतःच्या कानांनी ऐकला की वाद घालायला काही उरत नाही.

या प्रयोगात कदाचित आणखी एक गोष्ट कळेल : आवाज डोक्यावरच्या घरातून येतच नसेल. काँक्रीटच्या सांगाड्यात तो तिरपा, दोन घरं ओलांडूनही येतो. भिंतीला घट्ट आवळलेला पंपाचा पाइप असला तर गच्चीवरची घरघर पहिल्या मजल्यावर पोचते. तिथे क्लॅम्पखाली रबर घातलं, पंप रबरी पायांवर बसवला की काम होतं.

तुमची झोप ही क्षुल्लक गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीतला सततचा आवाज ३० डेसिबलच्या आसपास आणि अधूनमधून होणारा एकेक आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा असं म्हटलं आहे. खुर्ची ओढल्याचा आवाज ही मर्यादा सहज ओलांडू शकतो. आकडा हाताशी असू द्या, पण बोलण्याची सुरुवात त्याने करू नका.

प्रश्न : परवा सकाळी आमच्या नळाला दुधासारखं पांढरं पाणी आलं. तासाभरात मोबाइलवर सगळीकडे निरोप फिरला की पाण्यात गटार मिसळलंय, दोन मुलं दवाखान्यात आहेत. संध्याकाळपर्यंत कोणती मुलं, कोणता दवाखाना हे कुणालाच सांगता येईना. असे निरोप पुढे पाठवावेत की नाही? खरं असेल तर गप्प बसणंही चूकच ना?

उत्तर : गप्प बसणं चूकच. पण पाठवण्याआधी काचेचा एक ग्लास भरा आणि दोन मिनिटं उजेडात ठेवा.

पांढरेपणा तळाकडून वर विरत गेला आणि पाणी नितळ झालं, तर ती हवा होती. नळ दुरुस्तीसाठी बंद ठेवून पुन्हा सुरू करताना पाइपात हवा अडकते, दाबाखाली पाण्यात विरघळते आणि तुमच्या तोटीतून बाहेर पडताच बारीक बुडबुडे होऊन सुटते. अशी हवा अपायकारक नसते. पाणी तांबूस, पिवळट असेल आणि तळाशी गाळ बसत असेल, तर बहुधा जुन्या लोखंडी पाइपाचा गंज किंवा प्रवाह अचानक वाढल्याने उठलेला गाळ असतो. थोडा वेळ वाहू दिलं की पाणी निवळतं. न निवळल्यास कळवायचं. पण पाण्याला घाण वास असेल, रंग करडा किंवा काळपट असेल, तर ग्लाससमोर वाट बघत बसू नका. ते पाणी पिणं बंद करा आणि लगेच तक्रार नोंदवा.

गटाराचं पाणी नळात शिरतं कसं, हे ठाऊक असलं की निरोपाची पारख करता येते. पाइपात दाब असेपर्यंत गळतीतून पाणी बाहेरच जातं. दाब गेला की त्याच भोकातून आजूबाजूच्या ओल्या मातीतलं पाणी आत ओढलं जातं. त्यामुळे पुरवठा बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर येणारं पहिलं पाणी संशयाचं असतं. आणि बिघाड एका जागी असला की त्रासही एकाच फाट्यावरच्या घरांना होतो. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : वास कोणत्या घरांत येतोय, कोणत्या घरांत येत नाही?

१८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी हेच केलं. घरोघर विचारत ते फिरले, मृत्यू कुठे झाले आणि ती माणसं पाणी कुठून आणत होती ते शोधलं. मृत्यूंची गर्दी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती निघाली आणि ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. तोपर्यंत रोग दुर्गंधीतून, हवेतून पसरतो असंच बहुतेक जाणकार मानत होते. दारोदार विचारलेल्या साध्या प्रश्नांतून एवढं निघालं. तुमच्या गल्लीतही एका कागदावर घरं काढून खुणा करता येतील. अशी खूण केलेली यादी तक्रारीला जोडून आली तर आमची माणसं खोदायची जागा फार लवकर ठरवत. ‘सगळीकडे घाण पाणी येतंय’ एवढंच लिहिलेलं असलं की सुरुवात कुठून करायची हे त्यांनाच शोधावं लागे.

पाणी तपासायला माणूस येईल तेव्हा त्याला क्लोरीन मोजायला सांगा. घरातल्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असावं, असा सर्वसाधारण दंडक आहे. ते शून्य आलं तर वाटेत काहीतरी त्याला खाऊन टाकतंय. मोजणी थेट नळावर व्हावी. टाकीत साठलेल्या पाण्यातलं क्लोरीन आपोआप कमी होतं, त्यामुळे तिथे मोजून उपयोग नाही. निकाल येईपर्यंत पिण्याच्या पाण्याला खळखळून उकळी फुटू द्या आणि ते झाकून गार करा.

आता निरोपाबद्दल. माझ्या मते निरोप लिहिणाऱ्याने तीन गोष्टी लिहाव्यात : मी स्वतः काय पाहिलं, कुठे, किती वाजता. ‘आज सकाळी सात वाजता आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या नळाला वासाचं करडं पाणी आलं, तक्रार नोंदवली आहे, बाकीच्यांनी आपापला नळ बघून कळवावं.’ हा निरोप खुशाल पाठवा, तो उपयोगाचा आहे. आणि पाणी ठीक झालं की तेही तितक्याच ठळकपणे कळवा. ही शेवटची पायरी बहुतेक लोक गाळतात. मग जुना निरोप आठवडाभर फिरत राहतो, आणि पुढच्या वेळी खरी बातमी आली तरी लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मुलं आजारी असल्याच्या बातम्यांचं मला जास्त वाईट वाटतं. ज्या आईचं मूल खरंच तापाने फणफणलेलं असतं, ती त्या रात्री काय काय कल्पना करत बसत असेल!

प्रश्न : रस्त्यावरचा जुना पिवळा दिवा काढून पांढरा बसवला. तो थेट माझ्या झोपण्याच्या खोलीत येतो. तो बंद करावा असं मी सुचवलं, तर समोरच्या घरातली मुलगी रात्री उशिरा कामावरून येते, तिच्या आईने कडाडून विरोध केला. दोघींपैकी कुणाचं बरोबर?

उत्तर : तुम्हा दोघींचंही गाऱ्हाणं खरं आहे, आणि दोन्हींवर उपाय एकच आहे. दिवा बंद करायचा नाही, तो खाली वळवायचा.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. आकडा जितका मोठा, तितका उजेड पांढरा-निळसर. जुने सोडियमचे दिवे पिवळे होते, त्यांचं हे रंगतापमान साधारण २००० केल्विन. पांढरे एलईडी पुष्कळदा ४००० केल्विन किंवा त्याहून वरचे बसवतात. त्यांत निळा भाग जास्त असतो आणि निळा उजेड शरीरातलं मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दाबतो, म्हणून झोप लागायला उशीर होतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ साली रस्त्यांसाठी ३००० केल्विन किंवा त्याहून कमीचे दिवे वापरावेत असं सुचवलं. तेव्हा पहिली मागणी उबदार रंगाच्या दिव्याची करा.

दुसरी मागणी आडोशाची. दिव्याच्या मागच्या बाजूला छोटा पत्रा बसवता येतो, त्याने खिडकीकडे जाणारा उजेड तुटतो. दिव्याचं तोंड वर उचललेलं असेल तर ते आडवं, जमिनीला समांतर करून घ्या. यात समोरच्या मुलीचाही फायदा आहे, हे तिच्या आईला जरूर सांगा. डोळ्यांत घुसणाऱ्या झगझगीत दिव्यामुळे बुबुळाची बाहुली आकसते आणि दिव्यापलीकडचा काळोख आणखी दाट दिसतो. समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. रात्री चालणाऱ्या बाईला एकसारखा, मऊ, फूटपाथवर पडणारा उजेड हवा असतो. एका खांबाखाली लख्ख आणि पुढे अंधार असा रस्ता तिच्या कामाचा नाही. अर्ज दोन्ही घरांनी मिळून करा. खांबावर क्रमांक असतो, तो अर्जात लिहा.

प्रश्न : आमच्या कोपऱ्यावर शाळा आहे. गाड्या भरधाव जातात. आम्ही रहिवासी वर्गणी काढून स्वतःच सिमेंटचा गतिरोधक घालणार आहोत. कोणत्या मापाचा घालावा?

उत्तर : घालू नका. माप मी सांगणार नाही.

तुमची भीती पूर्णपणे योग्य आहे, आणि ती आकड्यांत मांडते म्हणजे अर्जात वापरता येईल. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. मूल दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला आणि रस्ता कोरडा असला, तरी गाडी थांबायला साधारण २८ मीटर लागतात. ३० च्या वेगाला हेच अंतर सुमारे १३ मीटर आहे. म्हणजे पंधरा मीटरवर मूल धावत आलं तर ३० ची गाडी त्याच्या अलीकडे थांबते. ५० च्या गाडीने तोवर ब्रेक नुकताच दाबलेला असतो, ती त्याला जवळपास पूर्ण वेगाने धडकते. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, ३० पेक्षा ५० ला ती पावणेतीन पटींच्या वर जाते. रस्ते सुरक्षेबद्दलच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथे ३० ची मर्यादा असावी असं म्हटलंय, ते याच कारणासाठी. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ सालीच मुख्य रस्ते सोडून बाकी शहरात ३० ची मर्यादा आणली होती. फिनलंडमधल्या हेलसिंकीने वेग उतरवले, रस्ते अरुंद केले, आणि २०१९ या वर्षात तिथे एकही पादचारी वाहनाच्या धडकेने मेला नाही.

पण घरगुती गतिरोधक वेगळी संकटं आणतो. उंच, अरुंद, रंग न दिलेला उंचवटा रात्री दुचाकीस्वाराला दिसत नाही आणि तो पडतो. रुग्णवाहिकेत पाठीचा कणा दुखावलेला माणूस असेल तर प्रत्येक दणका त्याला भोगावा लागतो. पावसाचं पाणी त्याच्यामागे तुंबतं. योग्य गतिरोधक रुंद आणि हळूहळू चढणारा असतो, आधी सूचना देणारी पाटी असते, रंगाचे पट्टे असतात. ते काम आराखडा करून, परवानगीनेच झालं पाहिजे. रस्ते खात्यात असताना रहिवाशांनी रातोरात घातलेले उंचवटे आम्ही उखडले, तेव्हा लोक चिडायचे. त्यांचा राग मला कळायचा, तरी उखडणं भाग होतं.

वर्गणी न काढता, परवानगी मिळेपर्यंतच्या काळात काय करता येईल? कोपऱ्यापासून काही मीटरपर्यंत गाड्या उभ्या करू नका. हे तुमच्या हातात आहे, कारण तिथे उभ्या गाड्या बहुतेक तुमच्याच असतात. गाडीआडून बाहेर येणारं लहान मूल चालकाला दिसत नाही आणि मुलालाही गाडी दिसत नाही. कोपरा मोकळा झाला की दोघांना एकमेकांना बघायला अवधी मिळतो. शिवाय शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी किती गाड्या, कशा जातात याची मोजणी करून अर्जाला जोडा. रस्त्याच्या वळणाची त्रिज्या कमी करून फूटपाथ पुढे आणण्याची मागणीही करा. वळण आखूड झालं की चालकाला आपोआप हळू व्हावं लागतं आणि मुलांना ओलांडायचं अंतरही कमी उरतं.

वेगाचा आणि शेजाराचा आणखी एक संबंध मला फार महत्त्वाचा वाटतो. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड या शहररचनाकारांनी अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत सारख्याच दिसणाऱ्या तीन रस्त्यांवरच्या रहिवाशांना विचारलं होतं. दिवसाला सुमारे २००० गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणसाचे त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र निघाले. सुमारे १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर एकही पूर्ण नाही, ०.९. रहदारी वाढली की लोक दारात उभे राहत नाहीत, समोर जात नाहीत, मुलांना आत ठेवतात. तुमचा अर्ज मुलांच्या जिवासाठी आहेच, पण तुमच्या गल्लीच्या ओळखीपाळखीसाठीही आहे.

प्रश्न : शेजारच्या गच्चीवर भंगार आणि पिंपं आहेत, डास फार झालेत. धूर फवारणी दर आठवड्याला करून घ्यावी का?

उत्तर : धूर फक्त त्या घडीला उडणारे डास मारतो, पाण्यातल्या अळ्यांना त्याने काही होत नाही. डेंगी पसरवणारा एडिस डास अंड्यापासून साधारण सात ते दहा दिवसांत उडायला लागतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर, पिंपं रिकामी करून कोरडी ठेवायची. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कित्येक महिने कोरडी राहूनही पाणी मिळताच उबतात. कडा ब्रशने घासा. हा डास सहसा काही शे मीटरांपलीकडे जात नाही, म्हणजे तुम्हाला चावणारा डास तुमच्या किंवा तुमच्या जवळच्याच घरातला आहे. शेजाऱ्यांकडे तक्रारीऐवजी हातात ब्रश घेऊन जा, आणि आधी आपली गच्ची दाखवा.

प्रश्न : फाटकाजवळच्या मोठ्या झाडाची मुळं भिंत फोडतील म्हणून काही जण ते तोडायला निघालेत.

उत्तर : मुळं बहुतांश वरच्या हात-दोन हात मातीत पसरतात. ती फूटपाथ आणि हलकी कुंपणभिंत उचलतात, पण घट्ट जमिनीवरचा चांगला पाया सहसा फोडत नाहीत. आकसणारी चिकणमाती असेल तर मात्र तज्ज्ञाला दाखवा. बुंध्याभोवती ओतलेलं सिमेंट आधी फोडा, मुळांना हवा-पाणी मिळू द्या. तडकलेली कुंपणभिंत तेवढ्या भागात थोडी वळवून बांधता येते. एवढं मोठं झाड पुन्हा उभं राहायला मात्र एक पिढी जाते.

प्रश्न : आमच्या सर्वांत वरच्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात. फारसे बोलत नाहीत, दार लावून असतात. उन्हाळा आला की मला त्यांची काळजी वाटते. पण उगाच त्यांच्या घरात डोकावतेय असं त्यांना वाटलं तर?

उत्तर : वाटू द्या. तरीही जा.

जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि काही दिवसांत सातशेहून जास्त माणसं गेली. पुढे संशोधकांनी गेलेल्या आणि वाचलेल्यांची तुलना केली. एकटं राहणारे, रोज घराबाहेर न पडणारे आणि इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारे यांना धोका जास्त निघाला. ज्यांचं आसपास कुणाकडे जाणं-येणं होतं, त्यांना कमी. तुमच्या आजोबांचं वर्णन त्यात जवळजवळ शब्दशः बसतं. वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो, त्यामुळे बाहेर गार वाटू लागलं तरी त्यांची खोली तापलेलीच असते. आणि म्हातारपणी तहान कमी लागते, घामही कमी येतो. आपल्याला त्रास होतोय हे त्यांचं त्यांना उशिरा कळतं.

लाट येण्याआधी जा. काळजी घ्यायला आलेय असं सांगत गेलात तर अभिमानी माणूस दार लोटून घेईल. काहीतरी विचारायला जा. इमारत बांधली तेव्हा टाकीचा पाइप कुठून गेला होता, आधी इथे कोण राहत होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? मग एखाद्या दिवशी त्यांच्या जवळच्या नातेवाइकाचा नंबर मागून घ्या, तुमचा त्यांना द्या, मोठ्या अक्षरांत लिहून. दाराची जादा किल्ली कुणाकडे ठेवायची ते त्यांनाच ठरवू द्या.

लाटेच्या दिवसांत दोनदा विचारपूस करा, त्यातली एक संध्याकाळी उशिरा, कारण तोवर खोली सर्वांत जास्त तापलेली असते. खोलीत ४० अंशांच्या वर गेलं तर पंखा उलट गरम हवा अंगावर मारतो. तेव्हा त्यांना खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी घरी काही तास बसवा, अंग ओल्या कापडाने पुसायला सांगा. ते रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत असतील तर उन्हाळ्यात मात्रा बदलायची का, हे त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारायला लावा. बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, अंग तापलं किंवा ते उठवूनही नीट जागे होईनात, तर थांबू नका. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडून वारा घालत राहा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.